जमिनीपासून हातभर वर

अमेरिकेच्या पूर्वेकडची ॲपलॅचियन पर्वतरांग तंबूवाल्यांना फारशी धार्जिणी नाही. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेन राज्यातल्या कटाडिनपर्यंत सुमारे 3,500 किलोमीटरची पायवाट या रांगेतून जाते आणि दरवर्षी असंख्य माणसं पाठीवर बिऱ्हाड घेऊन तिच्यावर चालतात. चढ-उतारांची आणि पावसाची त्यांना कल्पना असते. खरं दमवतो तो संध्याकाळचा शोध. माणसाला आडवं होता येईल एवढी सपाट जागा हवी. तिच्यात दगड नकोत, वर आलेली मुळं नकोत, आणि पाऊस आला तर पाणी साचेल असा खोलगटपणा नको. दिवसभर चाललेल्या माणसाला अंधार पडायच्या आत एवढी साधी गोष्ट मिळत नाही, कारण तिथली जमीन बहुतेक ठिकाणी उतरती, नाहीतर खडकाळ. वाटेवर अडीचशेहून जास्त लाकडी निवारे आहेत, तीन बाजूंना भिंती आणि चौथी बाजू उघडी. पण हंगामात ते भरलेले असतात आणि रात्री तिथे उंदीर मोकाट फिरतात.

झाडं मात्र त्या वाटेवर जवळजवळ सगळीकडे आहेत. ओक, मेपल, बीच, हेमलॉक. तंबूला नकोशा वाटणाऱ्या उतारावरही चार-पाच मीटर अंतरावरची दोन भक्कम खोडं सहज सापडतात. म्हणूनच या पायवाटेवर हॅमॉकमध्ये झोपणाऱ्यांची संख्या गेल्या पंचवीसेक वर्षांत डोळ्यांत भरावी इतकी वाढली.

हॅमॉक म्हटलं की आपल्याकडे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या माडांना बांधलेली जाळी डोळ्यांसमोर येते. दुपारी तासभर लोळायचं, पुस्तक तोंडावर घेऊन डुलकी काढायची, एवढाच तिचा उपयोग. त्यात रात्रभर झोपायचं, तेही पावसापाण्यात, डोंगरात, ही कल्पना बऱ्याच जणांना अवघड वाटते. मला या प्रकारात सर्वांत मोलाची वाटते ती त्यातून मिळणारी मोकळीक. तंबूतला माणूस जमिनीवर अवलंबून असतो. जमीन ओली असेल तर तो ओला होतो, तिरकी असेल तर रात्रभर घसरत राहतो. हॅमॉकमध्ये शिरलेल्या माणसाखाली ओढा असो, काटेरी झुडपं असोत की धोंडे असोत, त्याला काही फरक पडत नाही. मुक्काम कुठे करायचा हे ठरवताना तो खाली पाहत नाही, वर पाहतो.

त्यासाठी लागणारं सामान थोडं आहे. सुमारे सव्वातीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असं पातळ पण चिवट नायलॉनचं कापड, त्याची दोन्ही टोकं चुण्या करून आवळलेली. झाडाभोवती गुंडाळायचे दोन रुंद पट्टे. वर पावसासाठी ताणायचं हलकं छत, ज्याला टार्प म्हणतात, आणि भोवती मच्छरदाणी. हे सगळं मिळून दीड किलोच्या आसपास बसतं. हल्ली चांगले एकट्याचे तंबूही इतपत हलके मिळतात, त्यामुळे वजनाच्या जोरावर हॅमॉकची बाजू मांडणं मला पटत नाही. थंडीसाठीचं पांघरूण धरलं तर कधी कधी त्याचंच ओझं जास्त होतं.

ही वस्तू ज्यांनी घडवली त्यांना वजनाची फिकीर नव्हतीच. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलांत राहणारे अनेक समाज सुती धाग्यांच्या किंवा झाडाच्या सालीच्या तंतूंच्या हॅमॉकमध्ये झोपत. 1492 मध्ये कोलंबस तिथे पोचला तेव्हा युरोपियन लोकांनी हे अधांतरी बिछाने पहिल्यांदा पाहिले. दमट जंगलाच्या जमिनीवर मुंग्या, विंचू, साप आणि सतत झिरपणारं पाणी. तिथे वर टांगून झोपणं हेच शहाणपणाचं होतं. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे तुपिनांबा हॅमॉकशेजारी रात्रभर लहानसा विस्तव जागता ठेवत. त्याने ऊब मिळायची आणि डासही दूर राहायचे. या विस्तवाकडे आपल्याला पुन्हा यावं लागणार आहे.

1800 साली अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि त्याचा सहकारी एमे बाँप्लाँ आजच्या व्हेनेझुएलातल्या आपुरे नदीतून ओरिनोकोकडे निघाले होते. एका मुक्कामी वाळवंटावर बांधायला झाडच नव्हतं. त्यांनी होडीची वल्ही वाळूत रोवली आणि त्यांना हॅमॉक बांधले. रानातून जॅग्वारचे आवाज येत होते, आणि जगातला एक थोर निसर्गशास्त्रज्ञ वल्ह्यांच्या आधाराने लोंबकळत ते आवाज टिपून ठेवत होता. ॲमेझॉनवरच्या प्रवासी बोटींत ही रीत अजून चालू आहे. मानौसहून बेलेमला जाणारा प्रवासी आपला हॅमॉक घेऊन चढतो, डेकवरच्या दांडीला अडकवतो आणि काही दिवस तेच त्याचं घर असतं.

युरोपियन खलाशांना या वस्तूची किंमत लगेच कळली, कारण जहाजावर त्यांना लाकडी फळीवर झोपावं लागे आणि जहाज कललं की फळीवरचा माणूसही गडगडत जाई. इंग्लंडच्या नौदलाने 1597 मध्ये हॅमॉकला अधिकृत मान्यता दिली. जहाज डोलतं तेव्हा टांगलेला हॅमॉक सरळ खालीच लोंबत राहतो, त्यामुळे झोपलेल्याला हेलकावा फारसा लागत नाही. मोठ्या युद्धनौकांवर एका खलाशाला हॅमॉक टांगायला 14 इंच, म्हणजे जेमतेम 35 सेंटीमीटर रुंदीची जागा मिळे. अर्धे लोक पाळीवर असल्याने शेजारचा हॅमॉक बहुधा रिकामा असे, म्हणून ते निभावून जाई. सकाळी हे हॅमॉक घट्ट गुंडाळून जहाजाच्या कठड्यालगतच्या जाळ्यांत रचले जात आणि लढाईत बंदुकीच्या गोळ्या अडवायला तेच कामी येत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पॅसिफिकमधल्या सैनिकांसाठी जो जंगल हॅमॉक बनवला, त्याला मच्छरदाणी आणि छत शिवलेलंच होतं. आजचे कॅम्पिंग हॅमॉक पाहिले की त्याची आठवण होते.

हॅमॉक चंद्रावरही पोचला. जुलै 1969 मध्ये अपोलो 11 च्या आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांना चांद्रयानाच्या चिंचोळ्या जागेत धड झोपता आलं नाही. एक जण यानाच्या तळावर आणि दुसरा इंजिनाच्या झाकणावर टेकून कसाबसा पडून राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपोलो 12 गेलं तेव्हा कॉनराड आणि बीन यांच्यासाठी यानात हॅमॉक दिले होते. त्या काळचं सगळ्यात पुढारलेलं यंत्र, आणि झोपेसाठी त्यात ताइनो लोकांचा उपाय!

आता थोडी भूमिती. हॅमॉकची झोप आरामाची होणार की पाठ धरणार, हे तिच्यावरच ठरतं.

पहिल्यांदा हॅमॉक बांधणाऱ्याचा हात दोर जास्तीत जास्त ताणण्याकडे जातो. कापड सपाट झालं की पलंगासारखं वाटेल, असा त्यामागचा हिशोब. घडतं उलटंच. माणसाचं वजन पेलण्याचं काम पट्ट्यातल्या ओढीचा फक्त उभा भाग करतो. पट्टा जितका आडवा, तितका हा उभा भाग लहान, आणि म्हणून तेच वजन पेलायला एकूण ओढ जास्त लागते. 70 किलोचा माणूस घ्या. पट्टे क्षितिजाशी 30 अंशांत असतील तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण 70 किलोइतकी ओढ येते. 10 अंशांत हीच ओढ 200 किलोवर जाते आणि 5 अंशांत 400 किलोवर. पट्टे तुटतात, शिवण उसवते, बारीक झाड वाकतं ते यामुळे. शिवाय ताणलेल्या कापडाच्या कडा वर येऊन दोन्ही खांदे आत दाबतात आणि मधोमध माणूस चेंगरून जातो. सैल बांधलेला हॅमॉक दिसायला ढिसाळ, झोपायला उत्तम.

30 अंश मोजायला कोनमापक लागत नाही. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणून तर्जनी आडवी धरली, तर अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची तिरकी रेघ साधारण तेवढ्याच कोनात येते. पट्टा त्या रेघेत आला की झालं. रोज नवं झाड आणि नवं अंतर असल्याने बरेच जण हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये ठरावीक लांबीची एक बारीक दोरी कायमची बांधून ठेवतात, हॅमॉकच्या लांबीच्या सुमारे 83 टक्के. मग झाडं जवळ असोत की लांब, कापडाचा झोल दर रात्री सारखाच राहतो. मी तर म्हणेन, नवशिक्याने दुसरं काहीही घ्यायच्या आधी ही दोरी बांधावी.

झोल जमला की दुसरी गोष्ट शिकायची: तिरकं झोपणं. मधल्या रेषेत सरळ लांब झालं तर शरीर धनुष्यासारखं वाकतं, गुडघे उलट्या बाजूला ताणले जातात आणि तासाभरात कंबर बोलू लागते. हॅमॉकची सगळी वाईट ख्याती या एका चुकीच्या निजण्यातून आलेली आहे. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला नेले की कापड अंगाखाली पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. युकातानमधली माया कुटुंबं, ज्यांच्या घरात हॅमॉक हाच रोजचा बिछाना आहे आणि भिंतींत त्यासाठी कड्या असतात, आपल्या रुंद विणीच्या हॅमॉकमध्ये तर जवळजवळ आडवीच निजतात. पायाकडचं टोक डोक्याकडच्यापेक्षा वीतभर उंच बांधलं तर रात्री शरीर पायथ्याकडे घसरत नाही. तिरकं निजल्यावर कुशीवरही झोपता येतं. पालथं झोपणाऱ्यांना मात्र हॅमॉक सोसत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

झोपेवर डुलण्याचा परिणाम काय होतो, हे जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं आहे. 2011 मध्ये त्यांनी 12 पुरुषांना दुपारी 45 मिनिटं कधी स्थिर आणि कधी हळू डुलणाऱ्या पलंगावर झोपवलं. डुलणाऱ्या पलंगावर झोप लवकर लागली आणि मेंदूच्या लहरींत गाढ झोपेच्या खुणा वाढल्या. 2019 मध्ये 18 जणांवर रात्रभराचा प्रयोग झाला. पलंगाचा एक हेलकावा चार सेकंदांचा होता. लोक लवकर झोपले, मध्ये मध्ये कमी जागे झाले आणि सकाळी घेतलेल्या स्मरणाच्या चाचणीतही पुढे राहिले. त्याच सुमारास उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचं काम जन्मतःच बंद असलेल्या उंदरांवर डुलण्याचा परिणाम दिसला नाही. म्हणजे ही गुंगी आतल्या कानामार्गे येते. हे प्रयोग यंत्राने रात्रभर हलणाऱ्या पलंगावरचे आहेत आणि हॅमॉक काही मिनिटांत स्थिरावतो, त्यामुळे ते निष्कर्ष जसेच्या तसे हॅमॉकला चिकटवणं योग्य नव्हे. पण ती पहिली काही मिनिटंच तर कठीण असतात. शेताच्या बांधावर झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून त्यात बाळाला निजवणाऱ्या आणि येता-जाता एक झोका देणाऱ्या आयांना हे कुणी सांगावं लागलं नाही.

आता थंडी. हॅमॉकमध्ये पहिल्या रात्री कुडकुडलेल्या माणसाला वाटतं की पांघरूण कमी पडलं. खरं कारण खाली असतं. स्लीपिंग बॅग गरम ठेवते ती तिच्यातल्या पिसांमध्ये किंवा तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. पाठीखालचा भाग आपल्याच वजनाने चेपला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि उरतं फक्त कापड. तंबूत त्याखाली मॅट आणि जमीन असते. हॅमॉकमध्ये मोकळा वारा असतो आणि तो रात्रभर पाठीची ऊब वाहून नेत राहतो. 20 अंशांच्या आसपास तापमान आलं की हे जाणवायला लागतं, म्हणजे आपल्याकडे जिला आपण थंडी म्हणतही नाही अशा हवेत. तुपिनांबांचा विस्तव याच गारठ्यावरचा इलाज होता.

आजचा इलाज नायलॉनच्या कापडाला जपणारा हवा, कारण ते ठिणगीने क्षणात वितळतं. हॅमॉकच्या खालून, बाहेरच्या बाजूने, एक दुलई टांगायची. तिच्यावर अंगाचा भार पडत नाही, म्हणून ती फुगलेली राहते आणि ऊब धरते. ही युक्ती मला विलक्षण आवडते, कारण तिच्यात पांघरूण कसं काम करतं याची नेमकी समज आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र लगेच ती महाग दुलई घ्यायची गरज नाही. ट्रेकला नेतो ती साधी फोमची मॅट हॅमॉकच्या आत टाकली तरी सह्याद्रीतली बहुतेक रात्र निभावते. मॅट सरकते, एवढाच तिचा त्रास.

थंडीच्या बाबतीत एक फायदाही आहे, आणि तो लक्षात घेतला जात नाही. स्वच्छ रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि दरीच्या तळाशी साचते. सपाट जागा नेमक्या तिथेच असतात, ओढ्याकाठी, खोऱ्याच्या तळाशी. म्हणून तंबू बहुधा सगळ्यात गारठलेल्या जागी लागतो आणि सकाळी दवाने निथळतो. उतारावर थोडं वर हवा काही अंश उबदार असते. तिथे तंबू लागत नाही, हॅमॉक लागतो. शिवाय उघड्या छताखाली हवा खेळती असल्याने श्वासातली वाफ कापडावर साचून टपकण्याचा त्रासही कमी.

झाडांची बाजू आता मांडली पाहिजे, कारण सगळा भार त्यांच्यावर आहे. खोडाची साल खरवडली किंवा आवळली गेली तर तिच्या लगेच आत असलेला जिवंत थर दुखावतो. पानांत तयार झालेलं अन्न त्याच थरातून मुळांकडे जातं. बारीक दोरी वजनाने सालीत रुतते. म्हणून झाडाभोवतीचा पट्टा किमान अडीच सेंटीमीटर रुंद हवा, पाचचा असेल तर फारच चांगलं. झाड जिवंत हवं आणि मांडीपेक्षा जाड हवं. वर मान करून वाळलेल्या फांद्या शोधायच्या. हे काम रोज करायचं, कंटाळा न करता, कारण हॅमॉकमधले गंभीर अपघात होतात ते वाळकं झाड किंवा फांदी अंगावर आल्याने. आणि बसल्यावर बूड जमिनीपासून हातभर उंचीवर राहील इतकंच वर बांधायचं. उंचावर टांगून काढलेले फोटो दिसतात छान, पण त्या उंचीवरून पडलेला माणूस डोंगरात दवाखान्यापासून फार लांब असतो.

आपल्या डोंगरांत हा प्रकार सगळीकडे चालणार नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या उघड्या माथ्यावर बांधायला काहीच नाही. कारवी दाट असते, पण तिच्या काठ्या माणसाचं वजन घेत नाहीत. दाट झाडी उरली आहे ती बरीचशी भीमाशंकर, कोयना अशा अभयारण्यांत, आणि तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही, राहूही नये. पण डोंगरपायथ्याच्या गावांतल्या आमराया, शेताच्या बांधावरचे जुने आंबे आणि जांभळं, मालकाला विचारून मिळणारी एखादी वाडी, या जागा हॅमॉकला फार चांगल्या आहेत. कोकणात माडाखाली रात्र काढताना नारळ आणि झावळ्यांचा विचार करावा. पोफळ बारीक असते, ती वाकते. शेवग्याला तर हातही लावू नये. त्याचं लाकूड किती ठिसूळ असतं हे गावातलं पोरही सांगेल.

आपल्याकडे जमिनीपासून वर झोपण्याला एक गंभीर कारणही आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावल्याच्या घटना देशभर घडतात. तिच्या दंशाची वेदना इतकी थोडी असते की झोपलेल्याला कित्येकदा कळतही नाही. चेन बंद केलेला तंबू यापासून राखतो, पण उघड्यावर सतरंजी टाकून झोपण्याची आपली जी ट्रेकर मंडळींतली सवय आहे, तिच्यापेक्षा हॅमॉक कितीतरी बरा. बूटही खाली न ठेवता पट्ट्याला उलटे अडकवावेत. जमिनीवरच्या बुटात शिरायला विंचवाला आवडतं. डासांसाठी मच्छरदाणी पुरते असं समजू नका. पातळ कापडातून ते खालच्या बाजूने पाठीला चावतात. खालची दुलई किंवा आतली मॅट तिथेही कामी येते.

हॅमॉकची सवय झालेला माणूस काही गोष्टींना मुकतो, त्याही खऱ्या आहेत. तंबूत चौघं बसून पत्ते खेळतात, लहान मूल कुशीत घेऊन झोपता येतं, वादळात दार लावून आत बसता येतं. हॅमॉक एकट्याचा आहे. दोघांसाठीचे मिळतात, पण त्यात रात्रभर दोघंही मध्यभागी एकमेकांवर लोटले जातात. जोडप्यांनी दोन हॅमॉक शेजारी बांधावेत. आणि न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये वाट जशी झाडीच्या वर निघते, तशा उंच उघड्या प्रदेशात तंबूला पर्याय नाही.

पावसात मात्र मी हॅमॉकच निवडेन. मुक्कामाला पोचल्यावर आधी टार्प ताणायचा. मग त्याखाली कोरड्यात उभं राहून, ओले कपडे बदलून, चहा ठेवून, सावकाश हॅमॉक बांधायचा. पट्ट्यावरून ओघळत येणारं पाणी कापडात उतरू नये म्हणून हॅमॉकच्या टोकाशी पट्ट्याला सुतळीचा एक तुकडा खाली लोंबता बांधायचा. पाणी त्याच्यावरून जमिनीवर ठिबकतं. सकाळी पाऊस चालूच असेल तर हाच क्रम उलटा. हॅमॉक, दुलई, मच्छरदाणी, सगळं कोरडं पिशवीत जातं, पाठपिशवी बांधून होते, आणि अगदी शेवटी टार्प सोडून, झटकून, बाहेरच्या खिशात कोंबून चालायला लागायचं.